पेटी आधी, जेवण नंतर

११ नोव्हेंबर
सकाळभर मशीनला जोडून. एका हातातनं रक्त जायचं, हव्या तेवढ्या पेशी काढून घेऊन दुसऱ्या हातातनं परत. अंडाशयाचा कॅन्सर ऑपरेशन-केमो होऊनही फिरून आला, म्हणून हा नवा उपाय. डॉ. म्हणाले, "डेंड्रायटिक पेशी गाठीची ओळख बाकीच्या पेशींना पटवतात. लॅबमध्ये तुमच्याच पेशी शिकवून तयार करतील आणि परत तुम्हाला देऊ." म्हणजे चहाड्या करायला शिकवणार! आमच्या गल्लीत शिकवायची गरज पडली नसती.
गुण येईल का, विचारलं. "खात्री देत नाही." खोटं बोलले नाहीत, बरं वाटलं.

१५ नोव्हें.
पेशी अजून लॅबमध्ये. हे सारखे विचारतात, "काय चाललं असेल गं त्यांचं?" पोरगी होस्टेलला ठेवल्यासारखं. मला मात्र भूक छान. दोन भाकऱ्या.

२० नोव्हें.
पहिला डोस. आणि दादाने कमाल केली. लॅबच्या ड्रायव्हरला हॉस्पिटलचा रस्ता दाखवायला म्हणून हा गडहिंग्लजहून येऊन हायवेला थांबलेला. घेऊन आला कुठं? घरी! मी चपला घालतेय तर दारात दादा, मागे माझ्या पेशींची पेटी कवटाळून ड्रायव्हर.
"पावणं रात्रीपास्नं उपाशी हाईत."
"दादा, त्या पेटीत माझा जीव हाय!"
"म्हणून तर म्हंतोय की! जीव घिऊन आलाय त्यो, आन् उपाशी धाडायचा?"
ड्रायव्हर बिचारा घड्याळ बघतोय. ह्यांनी तेवढ्यात ताट घेतलंसुद्धा. मी असली संतापले! शेवटी झुणका-भाकरी कागदात गुंडाळून दिली आणि सगळे एकाच गाडीत. वाटेत उसाचे ट्रॅक्टर. पेटी माझ्या मांडीवर. वर्षभर या शरीराचा रागराग केला. आज पेटीवर हात ठेवला आणि माया आली.
पेशी ठणठणीत पोचल्या. डॉ.नी दादाला झाडलं. त्याने त्यांनाही जेवायला बोलावलं.

२१ नोव्हें.
थोडा ताप. डॉ. म्हणाले, येतो असा. दादाचा फोन, "चहाड्या सुरू झाल्या की!"

१८ डिसें.
स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठ आहे तेवढीच. कमी नाही, वाढलीही नाही. डॉ. म्हणाले, "इतक्यात काही सांगता येत नाही. डोस चालू ठेवू." चालेल. वाढली नाही, हे काय थोडं झालं?
आज पुढचा डोसही झाला. तोच ड्रायव्हर. पेटी आधी हॉ.त दिली, मग आपणहून घरी आला. पोटभर जेवला. निघताना म्हणाला, बायकोला एकदा पांढरा रस्सा खायचाय.
"पुढच्या वर्षी दिवाळी झाली की या की दोघं."
बोलून गेले आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. पुढच्या वर्षाचं असं सहज शेवटचं कधी बोलले होते, आठवेना. ह्यांनीही ऐकलं. ताट पुसत राहिले, तेच ते.
बोलावलंय खरं. आता घरी असायला हवं.