अडॅप्ट आणि अडॉप्ट

मंगळवार, संध्याकाळ

मीराला आणायला शाळेत गेले, तर तिच्या इंग्रजीच्या बाईंनी मला बाजूला बोलावलं.

वर्गात उंटाचा धडा चालू होता म्हणे. कुणीतरी ‘अडॅप्ट’च्या जागी ‘अडॉप्ट’ वाचलं. बाईंनी दोन्हींतला फरक विचारला. कुणालाच येईना, तेव्हा मीराने हात वर केला. म्हणाली, “अडॅप्ट म्हणजे वाळवंटात राहता यावं म्हणून उंट बदलला. अडॉप्ट म्हणजे आईबाबांनी मला दत्तक घेतलं.”

सगळ्या वर्गासमोर! तिला आम्ही लहानपणीच सांगितलंय, पण बाहेर कुणाला कळू नये म्हणून मी केवढी जपत होते. आणि ही चौथीतली पोर आपणहून हात वर करते. कुठून आलं हे धाडस? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

पंचवटीतून येताना स्कूटरवर मागून म्हणाली, “आई, वर्गातल्या आर्याने विचारलं, मग तुझी खरी आई कोण?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, रोज गेटवर येते ना, तीच.”

मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. पुढचं काही दिसेचना. सारखा तो वर केलेला हात डोळ्यांसमोर येत होता.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. नेहमीचाच प्रश्न, “कुणावर गेलीये गं ही?” एरवी मी विषय बदलते. आज म्हटलं, “आम्ही तिला दत्तक घेतलंय, काकू.” मग वर्गातली गोष्टही सांगितली, अगदी पहिल्यापासून.