जयवंतच्या विमानाची भोकं

मुलुंड,
१८ सप्टेंबर १९८६

ती. शेवंतीताईस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. होय, अजून विमानच करतोय आणि डोकं ठिकाणावर आहे. चार वर्षांत लाकूड, कापड, सरस सगळं झालं. पंख लागले, इंजिनही कुरकुरत का होईना चालतं. आता एकच नाजूक काम उरलंय, वाऱ्याची भोकं. पंखाखाली पुढे तोंड करून बारीक नळी बसवायची, तिला पिटॉट म्हणतात. समोरचा वारा तिच्यात शिरतो. आणि मागे, धडाच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडायचं, ते स्टॅटिक. त्याला नुसती आजूबाजूची हवा कळते. या दोघांच्या जिवावर काटे वेग आणि उंची सांगतात. भोक बुजलं तर काटा खोटं बोलतो आणि माणूस खाली येतो. म्हणजे तसा येतोच, पण नको तसा येतो.

सोसायटीची वेगळीच तऱ्हा. विमान स्कूटरच्या शेडमध्ये ठेवलं म्हणून सभा भरली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी चाकं मोजली, तीन भरली, आणि आवारात रिक्षा आणायला बंदी असल्याचं मला लेखी कळवलं. मी पंख दाखवले. ते म्हणाले, पंखांबद्दल नियमांत काही नाही.

प्रेमा बरी आहे. विमानाबद्दल काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलं असावं. दसऱ्याला भावोजींना घेऊन ये. कान उपटलेस तरी चालेल, माया तेवढी पातळ करू नकोस.

तुझा,
जयवंत


बोरिवली,
२६ सप्टेंबर १९८६

चि. जयवंत यास अनेक आशीर्वाद.

पितृपक्ष चालू आहे, निदान तो संपेपर्यंत भोकं पाडू नकोस. हसू नकोस मेल्या! आपले बाबा गिरणीत जन्मभर मान खाली घालून राबले, आणि त्यांचा मुलगा मान वर करून घारी मोजतो. तुझ्या भावोजींना तुझं कौतुक सांगितलं, तर म्हणाले, जयवंताने केलेलं स्टूल अजून डुगडुगतं. मला रात्रंदिवस धास्ती आहे. तू एकटा वर जाणार, आणि पडलास तर मी प्रेमाला काय तोंड दाखवू?

आणि बायको बोलत नाही म्हणजे तिला पटलं, हे तुला कोणी शिकवलं रे? दसऱ्याला येते. तुझ्या त्या रिक्षाची पूजा करीन म्हणते.

काळजी करणारी,
ताई


मुलुंड,
२० ऑक्टोबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

दसऱ्याची पूजा झकास झाली, झेंडूची माळही शोभली. पण परवा वाट लागली गं.

सरकारी तपासनीस आले. अख्खी सोसायटी गॅलरीत. साहेबांनी स्टॅटिकच्या भोकावर रबरी नळी लावून हवा ओढली. असं केलं की उंचीचा काटा चढायला हवा. काटा शून्यावर ढिम्म! साहेबांनी वाकून पाहिलं, तर भोकावर कुंकू आणि कुंकवाखाली मेण. भोकाभोवती मी खडूने गोल काढला होता, ती तुला कुंकवाची जागा वाटली. वाऱ्याने उडू नये म्हणून तू कपाळाला लावतेस तसं आधी मेणही लावलंस.

साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला दिसलं नव्हतं का? तुझ्याशी खोटं कशाला बोलू, दसऱ्यालाच दिसलं होतं. रोज फडकं घेऊन शेडमध्ये जायचो आणि तसाच परत यायचो. सोसायटीला विज्ञानाचे धडे देणारा मी, मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जाणारा मी, पण लावलेलं कुंकू पुसायला हात धजेना. शेवटी टाचणीने मधोमध छिद्र पाडलं. मेणच ते, उन्हाने मऊ झालं आणि मिटलं. साहेब म्हणाले, असंच वर नेलं असतंत तर काटा शून्यच दाखवत राहिला असता. पुढचं त्यांनी गाळलं.

शनिवारी ते परत येणार आहेत. मी म्हणतो, कुंकू राहू दे, शेजारी दुसरं भोक पाडतो. तुझं मत उलट टपाली कळव. लोभ आहे तेवढा तरी ठेव.

तुझा,
जयवंत


बोरिवली,
२२ ऑक्टोबर १९८६

चि. जयवंत यास आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र वाचून भावोजी ठसका लागेपर्यंत हसले. मी मात्र देवापुढे जाऊन बसले. ज्या हाताने तुझं भलं मागितलं, त्याच हाताने तुला मारलं असतं रे. चूक माझी, मला कळत नव्हतं. पण तुला कळत होतं, दिसतही होतं, तरी गप्प बसलास. माझ्याहून तू मोठा गाढव.

प्रेमाने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगते. पूजा तीच करणार होती. तबक हातात घेऊन विमानापाशी गेली आणि तसंच मागे फिरून ते माझ्या हाती दिलं. मोरीत जाऊन रडली बिचारी. तू बाहेर लोकांना पंख दाखवत होतास.

दुसरं भोक वगैरे काही नको. घासलेटात बोळा बुडव, प्रेमाला जवळ उभी कर आणि चोळून पूस. काटा हलताना तिला दाखव. मग विचार, जाऊ का? ती नाही म्हणाली तर विमान विकून टाक, सेक्रेटरी रिक्षा म्हणून घेतील.

राग धरू नकोस, ओरडते ती मायेनेच. पण एक ध्यानात ठेव. प्रेमाच्या कपाळावरचं कुंकू राहावं म्हणून मी ते विमानाला लावलं होतं. तू ते पुसलं नाहीस, म्हणून तिचं पुसलं जाणार होतं.

तुझी,
शेवंतीताई