तुमच्या वाट्याचं रक्त

मंठा,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

श्री. हरिओम यांस,

कल्याणीचा नमस्कार. इकडे आई-बाबा बरे आहेत. स्वरा सातवीत गेली. आठ महिन्यांत तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून मीच कळवते.

माझा नंबर तुम्ही ब्लॉक करून ठेवलाय. मागच्या वेळी आले तर दारातूनच माघारी लावलं. म्हणून माझ्या जगन्नाथदादाच्या हाती हे पत्र देते. तो ओट्यावर बसेल. पूर्ण वाचल्याशिवाय त्याला वाटेला लावू नका.

स्वराला सहाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा आत्या म्हणाल्या, "हिनंच गोड चारून चारून पोरीला लावलं." तुम्ही खाली मान घालून भाकर मोडत राहिलात. मंग पोरीची नजर कमी झाली, तर म्हणे, "हिच्या माहेरच्या रक्तातच खोट हाय." मला आणि स्वराला इकडं धाडलं, चार वर्षांची अर्पिता ठेवून घेतली. धडधाकट लेक तुमची, आजारी माझी. वा!

काल स्वराच्या रक्ताचा रिपोर्ट आला. संभाजीनगरच्या डॉक्टर तृप्ती मॅडमनी समजावून सांगितलं. "पेशीत प्रथिनं तयार होतात, त्यांची बराबर घडी पडावी लागते. हिच्या पेशींना ते काम झेपत नाही. बिनघडीची प्रथिनं साचतात, पेशीवर ताण येतो, शेवटी ती मरते. इन्सुलिन करणाऱ्या पेशी अशाच गेल्या. डोळ्यांच्या नसाही तशाच सुकताहेत."

मी विचारलं, "माझ्यामुळं?"

"एकट्या आईमुळं हा आजार होत नाही. एक खराब जनुक तुमच्याकडून आलं, एक तिच्या वडिलांकडून."

ऐकलंत? आणि माझं माहेर म्हणजे कुणाचं हो? तुमच्या आईचंच ना! भावाची पोर म्हणून हट्टानं मागून नेलं होतं मला.

नजर थांबवायचं औषध अजून न्हाई. इन्सुलिन आहे, म्हणून पोरगी जगून आहे.

परवा तुमच्या शेजारच्या उषाबाईंच्या फोनवरून अर्पिता बोलली. "आई, लई तहान लागते. आजी पाणी देत न्हाई, अंथरूण भिजतं म्हनून." स्वराचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही घरातच होता. तुम्हाला ओळखू आलं नाही?

तिला आधी पाणी द्या. आत्ता. मंग दादासोबत तिला घेऊन भोकरदनच्या दवाखान्यात जा, शुगर तपासा. संध्याकाळची वाट बघू नका. तिलाही हाच आजार असू शकतो, मॅडम बोलल्या.

एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. स्वरा फळ्यावरचं चुकीचं उतरवते अशी बाईंची तक्रार आल्ती. मला वाटलं, अभ्यास चुकवते. थोबाडीत दिली. "आई, खरंच दिसत न्हाई," म्हणाली. मी पुन्हा हात उचलला. पोरीला दिसत नव्हतं, आणि मी मारत होते.

त्या दिवशी माझा हात तुम्ही धरला होता. आज आत्यांचा धरा.

स्वराची आणि अर्पिताची आई,
कल्याणी