बसची परीक्षा

ती. अक्कास धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, हे आधी वाच, मग पुढचं. तुझ्या डोळ्याचं कसं काय? थेंब वेळेवर घालतेस ना?

‘लेकाकडे गेला आणि बहिणीला विसरला’ असं लिहिलंस. तसं नाही गं. वर्षभर मी गुडघा दुखतो म्हणून थापा मारल्या. खरं दुखणं पोटाचं.

गेल्या वर्षी सूनबाई नको म्हणत असताना शिळा भात टाकवेना म्हणून संपवला. चार दिवस दवाखान्यात काढले. उलट्या थांबल्या, पण पोट ताळ्यावर येईना. जेवलो की धाव! तुझ्याकडे यायला सात तासांची बस, मग धीर कुठून आणू?

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, “आजोबा, आतडी धड आहेत, फक्त हळवी झालीत. तुम्ही घाबरलात की तीही घाबरतात.”

म्हणून काल पोटभर खाऊन शहरातल्या बसमध्ये बसलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, उतरायचंय कुठे?” म्हटलं, “कुठेच नाही, तीच तर परीक्षा!” चार तास बसलो, पास झालो. तुझ्याकडची बस साडेतीन तासांनी थांबते, दोनदा विचारून घेतलंय.

येत्या रविवारी निघतो. जेवताना आग्रह करू नकोस. आणि दारात मला मिठी मारून रडत बसू नकोस. आधी वाट सोड, मग दोघं मिळून रडू.

तुझा भित्रा, पण निघालेला,
धाकटा