गेटाजवळचा कट्टा

रविवार, १७ फेब्रुवारी १९९१

आज रोझ गार्डन. लीना पाट्यांवरची गुलाबांची नावं मोठ्यानं वाचत पुढे, जयंत कॅमेऱ्याचं झाकण न काढताच फोटो घेत मागे, मी मध्ये. ऊन असं की स्वेटर काढावासा वाटतो आणि काढला की लगेच घालावासा वाटतो. आई इथं असती तर एक फांदी हळूच मोडून पदराखाली घेतली असती – नाशिकच्या गच्चीतल्या कुंडीसाठी. मी माळ्याकडे बघितलं. माळी माझ्याकडेच बघत होता. राहू दे.

आत जाताना पर्स उघडून दाखवावी लागते. हल्ली कुणी सांगायच्या आतच उघडते. तपासणारी बाई डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ये क्या है?’ म्हटलं, थालीपीठ. तिनं वास घेतला आणि जाऊ दिलं.

ठरवलंय. बदली होईपर्यंत या शहरातल्या सगळ्या बागा बघून घ्यायच्या. जयंत म्हणाला, ‘म्हणजे रिटायर होईपर्यंत इथंच.’ खरंच, जिकडे वळावं तिकडे बाग!

मंगळवार, १९ फेब्रुवारी

पण मला सगळ्यात आवडते ती घरासमोरची. तिला नावही नाही. घसरगुंडी, चार बाक, सिल्व्हर ओकची रांग, आणि गेटाजवळ गुडघाभर उंचीची सिमेंटची भिंत. ऑफिसातून येताना बस कोपऱ्यावर सोडते. मी घरी न जाता आधी त्या भिंतीवर टेकते. बाकावर बसलं की आपण पेन्शनर वाटतो. भिंतीवर बसलं की कॉलेजातले.

आज तिथं आधीच एक आजीबाई बसल्या होत्या. पांढरी चुन्नी, हातात लोकर आणि सुया, नजर रस्त्यावर. म्हणाल्या, ‘काके नूं उडीकदी हां.’ मला वाटलं, यांचे काका! एवढ्या म्हाताऱ्या बाईंचे काका किती वर्षांचे असतील? मग स्कूटरवरून एक दाढीवाला उंच माणूस आला, पगडी निळी, आणि या उठून त्याच्याबरोबर निघाल्या. काका म्हणजे पोरगा! तो पस्तिशीचा आहे. नाव इंदरपाल, जवळच्या खरड गावी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. उडीक म्हणजे वाट बघणं. तो खरडहून येतो ना, संध्याकाळचा, त्या रस्त्यानं. अंधाराच्या आत यायला हवा, एवढंच त्यांचं रोजचं मागणं.

समोरच्याच घरात राहतात. सगळे त्यांना बीजी म्हणतात. आता मीही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दादाचा नाशिकहून फोन. ‘कसल्या बागा बघत फिरताय? पेपर वाचता की नाही? रोज तिकडच्या गोळीबाराच्या बातम्या!’ वाचतो रे. वाचून मग बागेत जातो.

रविवार, ३ मार्च

पिंजोर! पायऱ्यापायऱ्यांची बाग, मधून पाणी. लीनानं सँडल काढून पाय सोडले. मी म्हटलं, ‘अगं, सर्दी होईल.’ ती म्हणाली, ‘आई, प्लीज यार, कुछ नहीं होता.’ मराठी प्रश्न, हिंदी उत्तर – आमच्या घरात हे असंच चालतं. मग मीही पाय सोडले. मग जयंतही, पँट दुमडून. त्याच्या पोटऱ्या किती पांढऱ्या आहेत! लग्नाला वीस वर्षं झाली, उन्हात कधी बघितल्याच नव्हत्या.

परत येताना नाक्यावर स्कूटर थांबवली. जयंतच्या ओल्या मोज्यांची झडती झाली. हसू दाबता दाबता पुरेवाट.

बुधवार, ६ मार्च

इथं वसंतात पानं गळतात. रस्ताभर सोनेरी कचरा, आणि त्याच झाडांवर कोवळी लाल पालवी. जाणं आणि येणं एकदमच.

बीजींना म्हटलं, ‘हमारे यहाँ ऐसी दीवार को कट्टा बोलते हैं. शाम को सब कट्टे पे मिलते हैं.’

त्यांनी सुया खाली ठेवल्या. ‘कट्टा? कट्टा ते मझ दा हुंदा ए, कमलीए.’

म्हणजे म्हशीचं रेडकू. त्यांच्या काकाकडे सध्या एक आहेही, दवाखान्यात, पाय मोडलेलं. मी रोज रेडकावर बसायला येते म्हणून बीजी अशा हसल्या की विणीचे टाके सुटले. जाता जाता ‘कमली’ म्हणजे काय तेही सांगितलं – वेडी.

आता आमचं ठरलं. त्यांनी मला उडीक दिली, मी त्यांना कट्टा दिला. त्या येताच विचारतात, ‘कट्टे ने चारा खादा?’ मी म्हणते, पोटभर.

सोमवार, ११ मार्च

बस कोपऱ्यावर थांबली तेव्हा बीजी गेटाजवळ दिसल्या. कट्ट्यावर पोरं चढून बसली होती. मी दुरूनच ओरडले, ‘बीजी, कट्टा सँभाल के रखो, मैं आ रही हूँ!’ रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. बागेजवळच्या पोलीस नाक्यावर आज नवा जवान आहे, कोवळ्या मिशांचा, तोही बघत राहिला. बघेनात का! इतक्या मोठ्यानं ओरडून मला किती वर्षं झाली असतील.

मंगळवार, १२ मार्च

दुपारी ऑफिसात लीनाचा फोन – ‘आई, बीजी के घर पुलिस आई है.’ रिक्षा करून आले. घराबाहेर जीप. बीजी दारात उभ्या, चुन्नी दोन्ही हातांनी धरून. काकाला खरडहून उचलून चौकीवर नेलं होतं.

का, तर कट्टा. तो नवा जवान कानपूरकडचा. त्यांच्याकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

पोलिसांनी बीजींना विचारलं, ‘माताजी, कट्टा कहाँ है?’ बीजी बिचाऱ्या खरं ते बोलल्या – ‘ओह ते खरड़ दे हस्पताल विच ए जी, ओहदी लत्त टुट्टी होई ए.’ पोलिसांना वाटलं, सांकेतिक भाषा. ‘किसने रखवाया?’ ‘मेरे काके ने.’

जयंतला घेऊन मी चौकीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. माझं हिंदी नेमकं तिथं आटलं. ‘साहब, कट्टा यानी... बैठने का.’ मग म्हटलं, दीवार. छोटी. ‘ओरडले मी होते, बीजी नाही,’ हे तर मराठीतच बोलले आणि जयंतला ते हिंदीत सांगावं लागलं. इन्स्पेक्टरांनी खरडला फोन लावला. तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं, ‘हां जी, कट्टा है, पलस्तर चढ़ा हुआ है, अभी सो रहा है.’

चौकी हसली. सगळी. इन्स्पेक्टर म्हणाले, ‘मैडम, बैठने की जगह को बैठने की जगह बोला कीजिए.’

काका आतून बाहेर आला. तो हसत नव्हता. पगडी सैल झाली होती. मला म्हणाला, ‘चलिए आंटी, बीजी उडीकदी होवेगी.’

ओरडले मी. आमच्या घरी कुणी आलं नाही. आमचं दार कुणी वाजवलंसुद्धा नाही.

बुधवार, १३ मार्च

कट्टा रिकामा. मीही बसले नाही.

रविवार, १७ मार्च. पाडवा

गुढी उभारली – काठीसाठी जयंतनं मच्छरदाणीचा बांबू काढला. श्रीखंड केलं आणि वाडगा घेऊन समोर गेले. बोलायची वाक्यं पाठ करून गेले होते. बीजींनी एकही बोलू दिलं नाही. वाडगा घेतला, बोट बुडवून चाखलं, ‘दही विच खंड? चंगा ए.’ दह्यात साखर, पण छान आहे म्हणे. रिकामा वाडगा परत द्यायचा नाही म्हणून त्यात पिन्नी, म्हणजे कणकेचे लाडू, घालून दिल्या – आपल्याकडच्यासारखंच.

‘शाम को आएँगी?’ मी विचारलं.

‘गोडे दुखदे ने, पुत्तर.’

गुडघे दुखतात. गेल्या सोमवारपर्यंत दुखत नव्हते.

जयंत म्हणाला, ‘वेळ दे.’ लीना पिन्नी खात म्हणाली, ‘आई, बीजी गुस्सा नहीं हैं. डर गई हैं.’ या पोरीला हे कुणी शिकवलं?

शुक्रवार, २२ मार्च

सुखना तलावावर एकटी गेले. पाणी, बदकं, डोंगर, सगळं होतं. शेजारी कुणी ‘कमली’ म्हणणारं नव्हतं. अर्ध्यातून परत आले. बागा बघायच्या म्हणजे काय बघायचं असतं, कुणास ठाऊक.

सोमवार, २५ मार्च

आल्या! बसमधूनच दिसल्या. पांढरी चुन्नी, विणकाम, नजर रस्त्यावर. मी या वेळी ओरडले नाही. तोंडावर हात ठेवून चालत गेले.

तोच तो कोवळ्या मिशांचा जवान जवळ आला. मला वाटलं, आता काय. त्यानं खिशातून फडकं काढून भिंत पुसली आणि मान खाली घालून म्हणाला, ‘माताजी, कट्टे पे बैठिए.’

बीजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘वे, तेरी माँ तैनूं रोटी नहीं सी देंदी? ऐना पतला!’ आणि उद्यापासून त्याला पराठे. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तो ‘नहीं माताजी, ड्यूटी पे हैं’ म्हणतोय आणि या विचारतायत, मुळ्याचे की बटाट्याचे.

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हणाल्या, ‘कट्टे दा पलस्तर उतर गया.’ रेडकू चालायला लागलं.

गुरुवार, ४ एप्रिल

कचनार संपला, जॅकरांडाच्या कळ्या फुटायला आल्या. रोज कट्टा. रोज रस्त्याकडे बघणं. काकाची स्कूटर मात्र हल्ली मला दिसत नाही. बीजीच माझ्याआधी उठून घरी जातात, ‘चल, हुण तू वी घर जा’ म्हणून. मीही विचारत नाही. त्या प्रश्नाला हात लावायचा मला हक्क नाही असं वाटतं.

माझ्यासाठी स्वेटर विणतायत. आता, उन्हाळ्यात! म्हणाल्या, ‘सियाल विच पावीं.’ थंडीत घाल. म्हणजे थंडीत मी इथं असणार, हे त्यांनी धरूनच चाललंय.

मंगळवार, १६ एप्रिल

आज वाटेतल्या नाक्यावर बस अडवली. सगळ्यांना खाली उतरवून सीटखाली बघितलं, डबे उघडले. घराच्या कोपऱ्यावर उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बाग रिकामी. कट्ट्यावर बीजी एकट्या, आणि जवान टॉर्च घेऊन शेजारी उभा. पळत गेले.

‘बीजी, काका नहीं आया अभी तक?’

‘काका? ओह ते दुपहर दा घर बैठा ए. महीना हो गया, हुण सवेर दी ड्यूटी ए.’

‘तो फिर आप यहाँ—’

त्यांनी माझ्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

‘तैनूं उडीकदी सी, कमलीए.’