नव्या एक्स्चेंजचे दहा कान

९ एप्रिल १९७४
कारखान्याचं नवं टेलिफोन एक्स्चेंज आज उभं राहिलं. ऐंशी फोन, आपोआप लागणारे. कुसुमताईंच्या जुन्या बोर्डाला लागूनच, मध्ये फक्त पार्टिशन. अकरा वर्षं सगळ्यांचे फोन त्याच जोडून देतात. कुणीही रिसीव्हर उचलला की ताई विचारणार, "कोण पाहिजे?" नोकरी मात्र अजून रोजंदारीवरच.
साहेब म्हणाले, नवं पास झालं की बोर्ड बंद. मग ताईंचं काय, ते नाही बोलले. पास-नापास मी लिहायचं. मलाच काहून?
यंत्राला दहा कान आहेत, असं मी मनात धरलंय. फोन उचलला की एक कान त्याचा, टोन येतो. नंबर फिरवून झाला की कान मोकळा, पुढच्याला. एकदम किती जण झेपतात ते बघायचं.

११ एप्रिल, गुरुवार
आपल्या सेक्शनची वीस माणसं वीस फोनवर बसवली. दोनचा भोंगा झाला की उचला, फिरवा. सगळे लागले! शेवटच्याला टोनसाठी थोडं थांबावं लागलं, बस.
पार्टिशनपलीकडून ताई, "झालं का गा भाऊ?" म्हटलं, झालं. चहा त्यांनीच मागवला. प्यायलो, पण बरं नाही वाटलं.

१५ एप्रिल
सकाळी तासभर सगळ्या लाइनी नव्यावर टाकल्या. आठला पहिली पाळी लागली आणि पाच मिनिटांत सगळं ठप्प. टोनच नाही. उचललेले फोन मोजले. चौदा. गुरुवारी वीस झेपले, आज चौदा नाही?
लाइनी परत बोर्डावर. ताईंनी भराभर निपटवलं सगळं. दवाखाना आधी, मग गेट, मग स्टोअर. कोणाला घाई आहे ते त्यांना आवाजावरून कळतं.

१६ एप्रिल
लाइनमन भाऊराव म्हणतो, गर्मी. "माणसं तापून राहिले, मशीन नाही तापणार?" वाळ्याची ताटी लावली, धूळ पुसली. दुपारी पुन्हा आपली वीस माणसं. पास.

१७ एप्रिल
सकाळी ठप्प. बॅटरी मोजली, ठीक. तारा ठीक. आपल्या माणसांच्या हातात पास, बाकीच्यांच्या हातात नापास. डोक्याचं भजं झालं. पण सोडवत नाही.
जेवताना हिनं विचारलं, भाजी कशी झाली. मी म्हणालो, टोन येत नाही.

१८ एप्रिल
सापडलं. म्हणजे मला नाही, ताईंना.
आज पुन्हा ठप्प झालं तशा उठून आल्या. "भाऊ, तुम्ही फिरवणाऱ्या माणसांची परीक्षा घेऊन राहिले. न फिरवणाऱ्यांची घ्या ना." आणि हेडफोन माझ्या हातात दिला. एकेका लाइनीवर ऐकत गेलो. स्टोअरचे काका टोनशी बोलत होते. "ताई, दवाखाना द्या. ओ ताई? झोपल्या काय वं?" पुढच्या लाइनीवर गेटवाला, नुसताच श्वास, ताई कधी विचारतात याची वाट बघत. अकरा वर्षांची सवय. उचलायचं आणि थांबायचं. आणि न फिरवणाऱ्याला यंत्र मिनिटभर धरून बसतं. असे दहा जण थांबले की अकराव्याला कान कुठून मिळणार.
पोट धरून हसलो. मग हसू गेलं. विचारलं, "मला काहून सांगितलं ताई? नापासच राहिलं असतं."
"अन् बोर्ड काढूनच नेला तर? कोणाच्या लेकराले फिट आली, दवाखाना लागला नाही, मंग मले झोप येईन का?"


२० एप्रिल
ताई आणि मी फोनाफोनाला फिरलो. शिकवलं त्यांनीच. "घुर्रर्र आवाज आला म्हंजे मीच आली समजा. बोलू नका, फिरवा." माझं कुणी ऐकलं नसतं.

२४ एप्रिल
सकाळी आठ. चाललं. सगळे लागले. दोघंच अजून टोनशी बोलत होते.
साहेबांना ताईंचं विचारलं. "बघू." रिपोर्टच्या फॉर्मवर शेवटचा रकाना आहे, ऑपरेटर लागेल का, हो किंवा नाही. दोघांसाठी एक माणूस ठेवा म्हटलं तर साहेब हसतील. पण उद्या नवीन कुणी रुजू झाला, त्याला कोण शिकवणार? हे खरं कारण की मीच शोधून काढलेलं, नक्की सांगता येत नाही.
म्हटलं, ताईंनाच विचारू. टेबलावरचा फोन उचलला आणि थांबलो. बराच वेळ टोन येत राहिला. कोण पाहिजे, असं कुणी विचारेना.
तेव्हा लक्षात आलं, मीही फिरवलंच नव्हतं. मिनिटभरानं यंत्रानं सोडून दिलं. रकाना अजून कोरा आहे.