तुझ्या झाडाचा ताण

प्रिय शोभाच्या आईस,

तुझं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, मग कागदावर तरी कसं लिहू? पाटातून पाणी संत्र्यांकडे चाललं आहे आणि मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे. मी फार भ्यालो आहे. हे भ्यालेपण तुझ्याशिवाय कुणाला समजेल?

मी चार दिवस बाग सोडून गेलो होतो. हो, मी! शोभानं संक्रांतीला वर्ध्याला बोलावलं. जावई स्वतः घ्यायला आले, नाही कसं म्हणणार? परसात झाडांचा ताण सुरू होता. पाणी महिनाभरापासून तोडलेलं. त्या दिवसांत झाडाला काहीच करायचं नसतं, पानं सुकू द्यायची, गळू द्यायची, आणि वेळ आली की पाणी सोडायचं. मग बहर येतो. म्हटलं, जायला हीच वेळ बरी.

पण वेळ आली हे ठरवायचीस तू. मी मोटर चालवणारा आणि आळी करणारा. तू सकाळी झाडांमधून एक फेरी मारायचीस, एखादं पान मुठीत दाबायचीस आणि म्हणायचीस, "आज सोडा पाणी." कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायचीस, "पाह्यलं का समजते." एवढंच! एवढ्या वर्षांत मला नीट का नाही सांगितलंस?

तुझ्याशिवाय हा पहिलाच ताण. मी आपला नदीकडच्या मोठ्या बागांकडे पाहत राहिलो. त्यांनी अजून पाणी सोडलं नव्हतं, म्हणून मीही निश्चिंत.

पहिल्याच दिवशी जेवताना शोभा सहज बोलून गेली, "आई तं आपले झाडं त्या बागांच्या कितीतरी आधी पाजे. तिकडं काळी जमीन हाय, आपल्या परसात नुसता मुरूम, पाणी धरत नाई, म्हणे ती."

मी घास ताटात परत ठेवला. हे तू तिला सांगितलंस आणि मला नाही?

मी तसाच पिशवी भरायला उठलो. शोभा आडवी आली. "बाबा, आत्ता तं आले, अन् काऊन चालले? झाडं काय पळून जाते का?" जावई म्हणाले, "मामाजी, उद्या सण हाय. सणाच्या दिवशी घरून कोणी जाते का?" नातीनं धोतर धरलं. राहिलो. सणानंतरही त्यांनी सोडलं नाही. तीळगूळ खाल्ला, पण तो गोड होता की नाही, देवाला माहीत. जपाला बसलो तर माळ हातात फिरायची आणि डोळ्यांपुढे तुझं विहिरीजवळचं झाड. ते कलम तू तान्हं लेकरू घ्यावं तसं मांडीवर घेऊन कारंज्याहून बसनं आणलं होतंस. कंडक्टर म्हणाला होता, "बाई, याचं अर्धं तिकीट काढा." तू म्हणालीस, "हे सीटवर कुठं बसलं हाय?" अख्खी बस हसली होती!

परतीच्या वाटेवर मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

शेजारच्या वच्छलाबाईंना मी जाताना बजावून गेलो होतो, पाण्याचा थेंबसुद्धा देऊ नका. कुणाला झाडांची कीव येऊन पाणी घातलं तर बहर बुडतो, हीच मला भीती. बसमध्ये मात्र उलटी प्रार्थना करत होतो की त्या माऊलीनं ऐकलं नसेल तर बरं. त्या फाटकातच उभ्या होत्या. "भाऊजी, तुमच्या शब्दाबाहेर नाई गेली मी. मले तं पाहून रडू येऊन राह्यलं होतं, पण पाणी नाई देल्लं."

"बरं केलं," म्हणालो.

परसात गेलो. सगळी झाडं उघडी, खाली पानांचा खच. ताणात ती अशीच दिसतात, हे मला ठाऊक नाही का? तरी जवळ गेलो. ताणातलं झाड आणि मेलेलं झाड लांबून सारखंच दिसतं गं! एकेकाच्या फांदीला नख लावलं. साल निघाली, खाली हिरवं, म्हणजे जिवंत. पुढचं, हिरवं. विहिरीजवळ आलो. तिथली जमीन सगळ्यांत उथळ. तुझ्या झाडाची शेंड्याची काडी वाऱ्यानंच मोडून पडलेली, कोरडी ठक्क.

मी हात उचलला आणि खाली घेतला. नाही लावलं नख.

दवाखान्यात शेवटच्या सकाळी तुझ्या कपाळाला हात लावायला मी असाच घाबरलो होतो. नर्सबाई म्हणाल्या, "लावा ना बाबा हात." तेव्हा लावला.

तू करायचीस तसं पाटाला हळदकुंकू वाहिलं आणि मोटर सुरू केली. पहिल्या दिवशी थोडंच पाणी, एवढं मला येतं. आता पाणी विहिरीजवळच्या आळ्यात पोचलं असेल. माती पिते आहे. झाड पितं आहे का, ते मला माहीत नाही.

देवाला काय मागू? तू असतीस तर म्हणाली असतीस, मागू नका, जाऊन पाहा.

तेव्हा ऐक. उद्या उजाडल्यावर देवपूजा आटोपून मी तुझ्या झाडापाशी जाईन आणि बुंध्याला नख लावीन. हिरवं निघो की कोरडं, तोंड फिरवणार नाही. हा माझा शब्द.

घाबरलेला,
शोभाचे बाबा